बिनमाळेचा संयम

माणसाला खरी भीती वाटली की तो एक तर गप्प बसतो, नाही तर मोठ्याने बढाई मारतो. संभाजी सोनकांबळ्यांनी एकाच दिवशी दोन्ही केलं. घरी गप्प बसले आणि ऑफिसात बढाई मारली. उलट केलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. रामायण हा शब्द सोनकांबळ्यांना चालत नाही, म्हणून तमाशा म्हणू.

त्या सकाळी ते दाढ दाखवायला दातांच्या दवाखान्यात गेले होते. दाढ राहिली बाजूला. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा खालचा ओठ चिमटीत धरून बाहेर ओढला, आत बघितलं आणि विचारलं, "तंबाकू?" स्वतःचा ओठ दुसऱ्याच्या हातात असताना भल्याभल्यांना खोटं बोलता येत नाही. सोनकांबळ्यांनी मान हलवली. बाई म्हणाल्या, आत पांढरा चट्टा आहे. तंबाखू आजपासून पूर्ण बंद. पुढच्या तपासणीला चट्टा कमी दिसला तर ठीक, नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवू.

तुकडा. बाईंनी हा शब्द भाजीवाल्याने भोपळ्याबद्दल म्हणावा तसा म्हटला. सोनकांबळे बाहेर आले, रिक्षात बसले आणि सवयीने खिशातली पुडी काढून मळायला लागले. डाव्या तळव्यावर थाप मारली, चिमूट उचलली, आणि ती ओठापर्यंत नेऊन त्यांनी हात बाहेर झटकला. मागून येणारा स्कूटरवाला शिव्या देत शिंकला.

तेलुगू मुलखात, नारायणगुड्याच्या ज्या सरकारी ऑफिसात सोनकांबळे आवक-जावक सांभाळतात, तिथे काम होत नाही असं म्हणणारे खोटारडे आहेत. एकमेकांवर नजर ठेवण्याचं काम तिथे अखंड चालतं. त्या दिवशी सगळ्यांची नजर शेजारच्या टेबलावर होती. अप्पाराव काळे कपडे, गळ्यात माळ, कपाळाला गंध आणि अनवाणी पाय अशा थाटात येऊन बसले होते. दर वर्षी कार्तिक लागला की हे अय्यप्पाची दीक्षा घेतात. सिगारेट बंद, संध्याकाळची बाटली बंद, थंड पाण्याची आंघोळ, जमिनीवर झोप, तोंडात शिवी नाही. समोर येईल त्याला हे 'स्वामी' म्हणतात आणि सगळी दुनिया ह्यांना 'स्वामी' म्हणते. मग डोंगर चढून येतात, माळ उतरते आणि तीच बाटली, तीच सिगारेट पुन्हा हजर.

सोनकांबळे त्यांना कधी स्वामी म्हणाले नाहीत. "अप्पारावगारू" म्हणायचे, म्हणजे तेलुगूत अप्पारावजी. सोनकांबळ्यांचं घराणं नांदेडकडचं. आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले तेव्हापासून ह्या घरात कुणी कुणाला स्वामी म्हटलेलं नाही.

"सोनकांबळे स्वामी, चेहरा कायकू उतरा?" अप्पारावांनी प्रेमाने विचारलं.

इथे खरं सांगायचं होतं. सोनकांबळ्यांच्या तोंडून निघालं ते असं, "तुमचं एक बरं आहे अप्पारावगारू. देव बघतो म्हणून सोडता, देवाची पाठ फिरली की धरता."

अप्पाराव रागावले नाहीत. दीक्षेत रागावता येत नाही, हा त्यांना मिळणारा अन्यायकारक फायदा होता. हसून म्हणाले, "हौ स्वामी. मेरेकू तो डर है. तुमकू किसका डर? तुम किसके वास्ते छोडेंगे?"

किसका डर! ओठाखालचा चट्टा एकदम आग आग करायला लागला. सोनकांबळे उठून उभे राहिले. "मला कुणाची भीती लागत नाही. पंचशील मानणारा माणूस आहे मी. माझं मन माझ्या हातात आहे. ही तंबाखू आजपासून बंद! माळ नाही, देव नाही, काळे कपडे नाहीत. तुम्ही डोंगरावर जाऊन याल, सिगारेट पेटवाल, तेव्हाही माझी बंदच असेल."

ऑफिसने टाळ्या वाजवल्या. त्या क्षणापासून सोनकांबळ्यांच्या आयुष्यात सुख म्हणून राहिलं नाही.

कारण फरक बघा. अप्पारावांना सारं शहर सांभाळत होतं. चहावाला त्यांच्यासाठी वेगळा पेला विसळायचा, साहेब आवाज खाली करायचे, बसमध्ये लोक जागा द्यायचे. त्यांचे रोजचे बाटलीबहाद्दर दोस्त समोर आले तर सिगारेट पाठीमागे लपवून "स्वामी शरणम्" म्हणत पळायचे. आणि सोनकांबळे? त्यांच्या अंगावर एकही खूण नव्हती. जो तो येऊन टेबलावर टेकायचा. "सोनकांबळे, चुना है क्या थोडा?" "अब्बी भी बंद है? सच्ची?" त्यांचं टेबल व्हरांड्याच्या खिडकीला लागून. खिडकीबाहेर सगळ्या खात्याची तंबाखू मळली जायची. थापेचा आवाज आला की इकडे सोनकांबळ्यांचा अंगठा आपोआप तळव्यावर फिरायला लागायचा. एकदा मीटिंगमध्ये त्यांनी खोडरबराचा चुरा मळला, झटकला आणि ओठाखाली ठेवला. चवीत फरक आहे हे कळायला थोडा वेळ लागला, ही खरी चिंतेची बाब.

शेवटी त्यांनी सुपरिंटेंडेंट साहेबांकडे अर्ज केला, की माझं टेबल खिडकीपासून हलवून रेकॉर्डरूमच्या कोपऱ्यात लावावं.

"कारण?" साहेब म्हणाले.

"संयम."

"संयम कारण नहीं होता जी. दीक्षा है तो सर्क्युलर है. अय्यप्पा है, भवानी है, हनुमान है. रमजान है तो भी है. आपका कौनसा?"

"माझं कुठलंच नाही साहेब. मी नुसताच संयम करतोय."

साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू सोनकांबळे नुसतीच रजा मागत होते. "किसी बडे आदमी का लेटर लाव. गुरु का, संस्था का. ऐसा कैसा मैं टेबल हिलाऊं?"

आता गुरु कुठून आणायचा? सोनकांबळ्यांनी आपल्या विहार समितीचे सेक्रेटरी उमाजी यांना गाठलं. उमाजी पत्र देण्याच्या बाबतीत उदार माणूस. त्यांनी संपूर्ण हकीकत ऐकली आणि त्यांचे डोळे भरून आले. "सोनकांबळे, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? अहो, हे आपलं म्हणणं सिद्ध व्हायलंय! देवाशिवाय माणूस सुधारतो. मी पत्र देतो. पण तुमचं व्याख्यान ठेवतो."

"व्याख्यान नको."

"बॅनर टाकतो."

बॅनर लागला. सोनकांबळ्यांचा लग्नातला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: 'ईश्वराविना संयम: एक जिवंत उदाहरण.' येता-जाता त्यांची नजर 'जिवंत' ह्या एका शब्दावर अडकायची. एवढं खात्रीने छापायला उमाजींना कुणी सांगितलं होतं?

मधल्या काळात समोरच्या फ्लॅटमधल्या मंगलाताईंनी त्यांना हाती घेतलं. मंगलाताई पुण्याच्या. मुलगा आयटीत म्हणून नल्लकुंट्यात राहायला आल्या, पण मनाने इंचभरही हलल्या नाहीत. "अहो सोनकांबळे, मनोनिग्रहाला अधिष्ठान लागतं हो. मी एकादशी करते. मोह होत नाही म्हणून नव्हे, तो बघत असतो म्हणून. तुमच्यात तसं काही नाही, त्यामुळे तुम्हाला जड जाणारच."

'तुमच्यात' ह्या शब्दावर सोनकांबळ्यांची कानशिलं तापली. त्यांच्या जिभेवर उत्तर होतं. एकादशीला मंगलाताईंच्या घरून येणारा साबुदाणा वड्यांचा वास त्यांच्या स्वयंपाकघरात थेट येतो, तो देवाला येत नाही का, असं ते होतं. पण तंबाखू सोडल्यापासून त्यांनी राग पण सोडलाय असं उमाजींनी परस्पर जाहीर केलं होतं. ते गिळून बसले.

"तोंडात लवंग धरा," मंगलाताईंनी निकाल दिला.

सोनकांबळ्यांनी लवंग धरली. दिवसभर धरली. ओठाखाली, नेमकी तिथेच. चट्टा पांढऱ्याचा लाल झाला. आता लाल म्हणजे बरा की वाईट? कुणाला विचारणार? ते तासातासाने न्हाणीघरात जाऊन आरशापुढे ओठ उलटा करून बघायला लागले. सकाळी मोठा वाटायचा, दुपारी लहान, बल्ब बदलला की भलताच.

"आरशात काय बघायलाव हो सारखं?" त्यांच्या बायकोने, चतुराबाईंनी, दाराबाहेरून विचारलं. "तोंडात काय सोनं सापडलं काय?"

"काही नाही. दात."

"पेन्शन जवळ आली अन् आता दात बघायलाव. कोण आहे ती?"

बायकोला बाईचा संशय येतोय म्हटल्यावर सोनकांबळ्यांना हायसं वाटलं, इतकी त्या माणसाची अवस्था झाली होती. तो संशय त्यांनी तसाच राहू दिला. विहारात वंदनेला बसले तरी तेच. सगळे हात जोडून पाचवं, नशा न करण्याचं शील म्हणत असताना सोनकांबळ्यांच्या हाताने आपल्याआपण थाप मारली. पुढे बसलेले म्हातारे गृहस्थ, काही उडालं नसताना, निव्वळ अनुभवाने शिंकले.

तपासणीचा दिवस उद्यावर आला. व्याख्यान परवा, रविवारी. सोनकांबळ्यांच्या डोक्यात एकच विचार किडा होऊन फिरत होता: उद्या तुकडा काढणारच असतील तर आज एक चिमूट घ्यायला काय हरकत आहे? फाशीवाल्यालाही शेवटचं विचारतात.

गल्लीतल्या पानाच्या डब्यावर, म्हणजे टपरीवर गेले. डब्बेवाल्याने हात जोडले. "साब, आप छोड दिए ना? बॅनर देखा मैं. मेरे हाथ से नक्को." दुसऱ्या डब्यावर तेच. देव नसलेल्या माणसावर लक्ष ठेवायला सगळं नल्लकुंटा तयार झालं होतं, तेही नेमकं नको त्या वेळी. मग ते ऑफिसातून लवकर निघाले आणि जिथे आपल्याला काळं कुत्रं ओळखणार नाही अशा बेगम बाजारात गेले.

"एक पुडी काळी पत्ती द्या."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "पुडी? मियाँ, ये होलसेल है. पान का डब्बा नहीं. किलो से कम नहीं देता मैं."

चार दुकानं फिरले. सगळीकडे किलो. व्यसनी माणसाला बेगम बाजाराने जसं वागवलं तसं शत्रूलाही कुणी वागवू नये. शेवटी त्यांनी किलोभर तंबाखूचं बोचकं बगलेत मारलं, चुन्याची नळी घेतली, मिरचीच्या पोत्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मळली. किती दिवसांनी! थाप मारली. ओठ बाहेर ओढला.

"स्वामी!"

मागे अप्पाराव. काळे कपडे, अनवाणी, हातात नारळ, तूप आणि कापूर. डोंगरावर डोक्यावरून न्यायच्या गाठोड्याचं सामान घ्यायला आले होते. सोनकांबळ्यांनी मूठ आवळली.

"क्या लिए स्वामी?"

"धने."

"फिर चुना कायकू?"

ह्यावर जगातल्या कुठल्याही धर्मात उत्तर नाही. सोनकांबळ्यांनी मूठ पाठीमागे लपवली. आता हा हसणार. उद्या ऑफिसात, परवा विहारात. आजोबांनी नदीत सोडलेले देव पोहत परत येऊन हसणार.

अप्पाराव हसले नाहीत. पोत्यावर बसले. "पिछले साल," ते म्हणाले, "माला उतारके स्टेशन के बाहर आया मैं. आटो नहीं देखा, पहले सिगरेट का डब्बा देखा. बीवी लेने कू आयी थी. वो भी डब्बे कू देखी." हातातला नारळ पोत्यावर ठेवून म्हणाले, "माला है तो सब लोगां पकडके रखते मेरेकू, छोटे बच्चे के माफिक. उतारा तो सब छोड देते. तुमकू तो कोई बी नहीं पकडा. फिर बी इत्ते दिन रहे. मैं रोज देखता था तुमकू. सोचता था, ये कैसा कररा?"

"भीतीनं!" सोनकांबळे ओरडले. मिरचीवाला दचकला. "भीतीनं करतोय मी! माझ्या तोंडात चट्टा आहे. उद्या तुकडा काढतील. घरी माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मन माझ्या हातात बितात काही नाही."

अप्पाराव उठले. "दिखाव."

ओठ उलटा करायला दोन्ही हातांची बोटं लागतात. मूठ उघडावी लागली. मळलेली तंबाखू बेगम बाजारच्या रस्त्यावर पडली. तत्त्वासाठी नव्हे, बोटं कमी पडली म्हणून. अप्पारावांनी मोबाईलची बॅटरी लावून तोंडात पाहिलं. काळ्या कपड्यातला स्वामी कुणाच्या तरी तोंडात उजेड पाडून बघतोय हे दिसताच भोवती गर्दी जमली. "क्या अटक गया?" "स्वामी वैद है बोलते." एक हमाल दाढ दुखते म्हणून सोनकांबळ्यांच्या मागे नंबर लावून उभा राहिला.

"मेरेकू कुछ नहीं समजता स्वामी," शेवटी अप्पाराव म्हणाले. "पन कल मैं आता साथ में."

आले. अनवाणी, दवाखान्याच्या गार फरशीवर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्वामी, आप पेशंट के कौन?"

"बाजू का टेबल," अप्पाराव म्हणाले.

बाईंनी ओठ ओढला. बराच वेळ बघितलं. सोनकांबळ्यांनी डोळे मिटले आणि त्या काळोखात आधाराला काय धरावं हे शोधलं. काही सापडलं नाही. अप्पारावांच्या काळ्या सदऱ्याची बाही तेवढी हाताला लागली. ती धरली.

"चट्टा कमी झालाय. पण हे लाल कशाने?"

"लवंग."

"लवंग कोणी सांगितली?"

"शेजारी."

"शेजाऱ्यांना घेऊन या, त्यांचा पण ओठ बघते," बाई म्हणाल्या. "आज तुकडा नाही काढत. पण तंबाखू बंदच. आणि तपासणी चालू राहील."

"बंद कधीपर्यंत?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. "कधीपर्यंत म्हणजे? हमेशा."

बाहेर फाटकाशी आल्यावर अप्पाराव स्वतःशीच म्हणाले, "हमेशा. ये तो बडी दीक्षा है."

आता ती किलोभर तंबाखू. सोनकांबळ्यांनी ती बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकली होती. वॉचमन लक्ष्मणराव इमानदार माणूस. "साब का थैला गिर गया" म्हणून त्याने ती नेऊन चतुराबाईंच्या हातात दिली होती. सोनकांबळे घरी आले तेव्हा बोचकं टेबलावर उघडं होतं आणि चतुराबाई समोर.

"गावभर बॅनर लावायलाव अन् घरात पोतं भरायलाव?"

मग सांगावंच लागलं. चट्टा, तुकडा, आरसा, सगळं. चतुराबाई खाली बसल्या. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यात संगं कोण होतं?"

"अप्पाराव."

"म्हंजे त्या काळ्या कपड्याच्या माणसाला माहीत, अन् मला नाही." त्या रडल्या नाहीत. "ती बाईच असती तर बरं झालं असतं," म्हणाल्या आणि आत गेल्या. व्याख्यानाला काय बोलायचं ह्याची सोनकांबळ्यांची सगळी तयारी त्या एका वाक्याने धुऊन नेली.

एवढ्यात उघड्या दारातून मंगलाताई आल्या. वास त्यांना आधी आला होता. "अगबाई, काळी पत्ती! एवढी? अहो, माझ्या जास्वंदीला पांढरा मावा पडलाय. तंबाखूच्या पाण्यासारखं औषध नाही त्यावर." आणि बोचकं उचलून गेल्यासुद्धा. पुढे जास्वंद अशी फुलली की मंगलाताईंचा गणपती फुलांखाली दिसेना. त्या फुलांच्या मुळाशी कुणाचा मोह जिरलाय, हे देवाला कुणी सांगितलं नाही. त्याचं सगळीकडे लक्ष असतं म्हणतात.

व्याख्यान झालं. सोनकांबळे माईकसमोर उभे राहिले. पुढच्या रांगेत चतुराबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हाताकडे टक लावून बघत होत्या. सोनकांबळे म्हणाले, "मित्रहो, परवा मी बेगम बाजारातून किलोभर तंबाखू आणली." लोक खो-खो हसले. त्यांना वाटलं, वक्ता विनोदी आहे. सोनकांबळे खरं सांगत गेले आणि लोक हसत गेले. उमाजींनी आभार मानताना त्यांना पुन्हा जिवंत उदाहरण म्हटलं. ह्या वेळी तो शब्द तितकासा टोचला नाही.

अप्पाराव डोंगर चढून परत आले. माळ उतरली होती, दाढी उतरली होती, नवे बूट चावत होते. कामावर आले त्या दिवशी कुणी उठून जागा दिली नाही. साहेबांनी उशीर झाला म्हणून सगळ्यांदेखत झापलं. चहाच्या टपरीवर दोस्त हजर झाले, पाकीट पुढे आलं. "आव अप्पाराव, छुट्टी खतम!"

अप्पारावांचा हात पुढे गेला.

सोनकांबळे शेजारी उभे होते. त्यांच्या घशात काहीतरी अडकलं, बहुतेक आजोबा. त्यांनी आजोबांची मनातल्या मनात माफी मागितली.

"स्वामी," ते म्हणाले.

अप्पारावांचा हात थांबला. "माला नहीं है अब," ते हळूच म्हणाले.

"दिसतंय मला."

दोस्त हसले. पाकीट तसंच पुढे होतं. मग अप्पारावांनी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला, म्हणजे हात मोकळा राहायला नको, आणि सोनकांबळ्यांच्या तळव्याकडे बघून म्हणाले, "तुम बी बंद करो स्वामी." सोनकांबळ्यांचा अंगठा रिकाम्या तळव्यावर गरगर फिरत होता.

वर गेले तर टेबलावर कागद. सरकार कधी वेळेवर येत नाही, पण येतं. उमाजींच्या पत्राचा विचार होऊन सोनकांबळ्यांचं टेबल रेकॉर्डरूमच्या कोपऱ्यात, अप्पारावांपासून सगळ्यांत लांब, हलवण्यास मंजुरी मिळाली होती.

सोनकांबळे कागद घेऊन तडक साहेबांकडे गेले. "साहेब, रद्द करा. मी आहे तिथेच बसतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "इत्ता लेटर लाए, इत्ता पीछे पडे! अब रद्द? कारण क्या लिखूं मैं?"

"संयम," सोनकांबळे म्हणाले.